हौदावरचा हात

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हाताऱ्याची थट्टा करायला नको. भुतंखेतं, जिन, करणी, उतारा यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. आमच्या जुन्नरात अशी एक चिंच नाही की जिच्यावर लोकांनी कुणाला ना कुणाला बसवलेलं नाही. मी त्या सगळ्या चिंचांखालून वेळी-अवेळी गेलो आहे. चिंचा खाल्ल्या, दुसरं काही अंगावर पडलं नाही. आपल्या मासिकात वाचक आपले अनुभव लिहितात, ते मी वाचनालयात बसून वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसतो. कुणाला पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, कुणाला मागून पावलं ऐकू येतात... डोळे आणि कान दोन्ही थापाडे. मी माणूस हाताचा. हाताला लागेल तेवढं खरं, बाकी सब झूठ, असं मी एके काळी छातीठोक म्हणत असे.

आणि माझी पंचाईत अशी की मला आलेला अनुभव हाताचाच आहे.

मी जुन्नरचा कागदी, म्हणजे हाताने कागद करणारा. आता गिरणीचा कागद आला आणि आमचे हौद बुजले, पण मी सांगतोय तो काळ या शतकाच्या सुरुवातीचा. तेव्हा नदीकडच्या आमच्या मोहल्ल्यात काही घरांत अजून कागद होत होता आणि व्यापारी चोपड्यांसाठी आमचाच कागद मागत. जुनी पोती, दोरखंडं, चिंध्या कुटायच्या, चुन्यात मुरवायच्या, कुकडी नदीवर धुवायच्या आणि त्यांचा लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा. मग हौदाच्या काठावर बसून, गवताच्या काड्यांची चाळण बसवलेली लाकडी चौकट दोन्ही हातांनी पाण्यात बुडवायची आणि अलगद वर उचलायची. पाणी गळून जातं, चाळणीवर सायीसारखा कागद उरतो. तो जाड आला की पातळ हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. हे पुरुषांचं काम. बायका तो ओला कागद भिंतीला लावून वाळवत, खळ देत आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्याला चकाकी आणत.

यातली एक गंमत बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. हौदावरच्या माणसाचे हात दिवसभर गार पाण्यात, त्यामुळे तो ज्याला हात लावेल ते त्याला गरमच लागतं. बायको तापलेली, पोर तापलेलं, दारातली बकरीसुद्धा तापलेली! उलट घोटणाऱ्या बाईचा तळहात दगड घासून इतका तापतो की तिला सगळं जग गार. म्हणून कागद्याच्या घरी कुणाला ताप आला आहे का हे हौदावरच्या हाताने बघायचं नाही आणि घोटणीच्या हातानेही बघायचं नाही, असा रिवाज होता. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत माझी बायको अमीना नुसती गाढ झोपली होती. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि तसाच हकिमाच्या दारात जाऊन उभा राहिलो. मोहल्ला वर्षभर हसत होता.

आमच्या घरी ताप बघायचं काम खालाकडे. खाला म्हणजे माझी विधवा मावशी. ती ना हौदावर बसायची ना दगड धरायची, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची. पण तिचा हात खरा. ती कपाळाला पालथा हात लावून म्हणाली ‘काय न्हाई, नाटक करतंय’, की पोराने उठून कामाला लागायचं.

आता हमीदाचं सांगतो. हमीदा माझी पोरगी, तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. तिच्या आधीची दोन पोरं राहिली नाहीत, त्यामुळे ती म्हणजे आमच्या घरातला एकुलता एक गोंगाट. संध्याकाळी मी हौदावरून घरी आलो की ती दारातच उभी असायची. ‘अब्बा, हात द्या’ म्हणायची. माझे दोन्ही हात धरून आपल्या काखेत घालायची, दंड गच्च आवळायची आणि गारठ्याने किंचाळायची. ‘सोड की मग,’ मी म्हणायचो. ‘न्हाई. गरम झाल्याबिगर न्हाई सोडनार!’ बोटांना मुंग्या यायच्या, मग हळूहळू ऊब यायची, तोवर ती हलायची नाही. मी आधी हात ओढला तर रुसायची. (घरात आम्ही आमची दखनी बोलायचो. वाचकांसाठी मी इथे जुन्नरच्या बोलीत लिहितो आहे.)

त्या सालांत प्लेग थंडीबरोबर यायचा. घरांत उंदीर मरून पडायला लागले की गाव उठायचं. त्या हिवाळ्यातही उठलं. आम्ही मानमोडीच्या डोंगराच्या पायथ्याला, गणपतभाऊ नावाच्या एका शेतकऱ्याच्या माळावर झोपडी घातली. गणपतभाऊ आणि त्याची बायको मनाने मोठी माणसं. ‘ऱ्हावा की पावणं, माळ काय आमच्या डोक्यावर हाये व्हय?’ एवढंच म्हणाला आणि चार बांबूही दिले. खालाला आम्ही आधीच तिच्या लेकीकडे मंचरला धाडलं होतं. म्हातारं माणूस, थंडीत उघड्यावर कुठे ठेवायचं!

गावात जायला मनाई होती, पण मी आणि माझा थोरला चुलतभाऊ हुसेनभाई रोज उजाडताना जायचो. हौदात लगदा कालवलेला होता. तो तसाच सोडला असता तर सडून गेला असता आणि व्यापाऱ्याची ऑर्डर बुडाली असती. पोटापुढे मनाई टिकत नाही. निम्म्या तयार कागदांचे गठ्ठे आणि घोटायचा दगड अमीना माळावर घेऊन आली होती. घोटायचं काम कुठेही बसून होतं.

अशात हमीदाला ताप भरला. या वेळी ताप सांगायला खालाची गरज नव्हती, झोपडीत शिरलं तरी तिच्या अंगाची झळ लागायची. डोळे लाल, ओठ फुटलेले. काखेत, जांघेत गाठ नव्हती, मी आणि अमीना दर घटकेला बघत होतो. पण गाठ काय, उद्याही आली असती. सरकारची प्लेग तपासणारी माणसं दुपारी माळावर फेरी मारायची. ताप सापडला की प्लेगच्या इस्पितळात न्यायची, आणि तिकडे नेलेलं माणूस परत आलेलं आम्ही फारसं पाहिलं नव्हतं. मेलं तर आणखी वाईट. मय्यत उघडून तपासायची. परक्या पुरुषांनी आपल्या पोरीच्या अंगाला हात लावायचा, ही कल्पनासुद्धा कुणाला सोसत नव्हती. म्हणून माळावर कुणी गेलं की लोक दुपारच्या आत मातीआड करून मोकळे होत.

त्या पहाटे मी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण हमीदाला जरा डोळा लागला होता आणि अमीना म्हणाली, ‘तुमी जावा. हितं बसून नुसतं तिच्याकडं बघता, मला लई भ्या वाटतं.’ मग गेलो.

नाणेघाटाकडून बोचरा वारा सुटला होता. हौदाला हात लावायचा म्हणजे पहिल्यांदा मनगटापर्यंत सुया टोचतात, मग बोटं दुखतात, मग बधिर होतात, आणि मग काम सुरू होतं. सगळी वर्षं हेच. मी चौकट बुडवली. सुया टोचल्या, बोटं दुखली, बधिर झाली. काही कागद उचलले. आणि मग... कसं सांगू? चौकट पाण्याखाली असताना पाणी ऊन लागायला लागलं.

एकदम नाही. आधी तळहाताला, मग बोटांच्या बेचक्यांत. आंघोळीला काढावं तसं पाणी. मला वाटलं बधिरपणाचा भास असेल. पण बधिर हाताला काहीच लागत नाही, आणि मला तर हातातल्या चौकटीच्या लाकडाची गाठसुद्धा लागत होती. पाण्यावर वाफ नव्हती. मी म्हणालो, ‘भाई, पानी ऊन झालंय.’

हुसेनभाईने हात घातला आणि शिवी हासडून बाहेर काढला. ‘ऊन? पोरीच्या काळजीनं डोकं फिरलंय तुजं.’

‘पुन्हा घाल. माझ्या हाताजवळ घाल.’

त्याने घातला. माझ्या बोटांना त्याची बोटं लागत होती इतक्या जवळ. ‘गार हाये,’ तो म्हणाला. या वेळी शिवी दिली नाही.

ऊब वाढत चालली. आणि आता ती पाण्यासारखी पसरलेली नव्हती. दोन्ही पंजांना सगळीकडून गच्च धरल्यासारखी होती. मी चौकट वर उचलायला गेलो तर हात वर येईनात. कुणी ओढत होतं असं मी म्हणणार नाही, मी तसला माणूस नाही. हात येत नव्हते एवढंच. मी घाबरलो. सगळा जोर लावून हात हिसकले आणि मागच्या मागे पडलो. चौकट हौदात राहिली, वाकडी होऊन बुडाली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून चौकट कधी सुटली नव्हती.

हौदाबाहेरही हात गरमच. वारा लागत होता तरी चुलीपुढे बसल्यासारखे. मी ते अंगरख्याला पुसत ओट्यावर बसलो आणि हुसेनभाई माझ्याकडे बघत बसला. त्यानंतर किती वेळ गेला ते माहीत नाही, पण गणपतभाऊ धापा टाकत बोळात शिरला तेव्हाही माझे हात तसेच गरम होते.

‘यासीनभाऊ, चला,’ तो म्हणाला. ‘पोरगी... चला तुमी.’

माळावर पोचलो तर झोपडीपुढे शेकोटी आणि शेकोटीभोवती शेजारच्या झोपड्यांतल्या बाया. एका मोठ्या पातेल्यात मय्यतीला घालायच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं. दोन माणसं कुदळ घेऊन कब्रस्तानाकडे गेलीसुद्धा होती. अमीना रडत नव्हती. घोटायचा दगड हातात तसाच धरून बसली होती. मला म्हणाली, ‘निजली म्हनून मी बाहेर येऊन घोटीत बसले. मन लागंना म्हनून. आत जाऊन हात लावला तर गार. एवढी तापली व्हती, आन गार!’ गणपतभाऊची बायको डोळे पुसत म्हणाली, ‘म्या बी हात लावला, भावजी. गार पडलंय लेकरू. छाती बी हालत न्हाई.’ गणपतभाऊनेही कपाळाला हात लावून बघितला होता, शेकोटीवरून उठून. ‘दुपारच्या आत उरकाया पायजे,’ कुणीतरी हळूच म्हणालं.

मी आत गेलो. हमीदा पांघरुणात होती, चेहरा राखेच्या रंगाचा. मी तिच्या मानेला हात लावला.

ती गरम होती.

मी बाहेर येऊन तेच सांगितलं, पोरगी गरम आहे म्हणून. मग अमीना उठली. तिच्या डोळ्यांत राग होता की दया, मला आजही सांगता येणार नाही. ‘तुमच्या हाताला कदी कोन गार लागलंय वो?’ ती म्हणाली. ‘मी निजले व्हते तवा हकिमाकडं पळाला व्हता तुमी. आता तरी गप बसा. मला आता आशा लावू नका.’

‘आज माझे हात गार न्हाईत,’ मी म्हणालो. ‘आज मी गरम हातानं बघितलंय. गरम हाताला गरम लागली, म्हंजी ती गरमच हाये. धरून बघ.’ मी दोन्ही हात पुढे केले.

अमीनाने ते धरले आणि लगेच सोडले. हुसेनभाईने धरले. त्याने मान खाली घातली. ‘यासीन,’ तो म्हणाला, ‘मढ्यासारखे गार हायेत तुजे हात.’

वाचकहो, इथे माझी जी अवस्था झाली ती मला नीट लिहिता येत नाही. माझे हात मला गरम लागत होते. ते सगळ्यांना गार लागत होते. सगळ्यांना गार लागलेली पोर मला गरम लागत होती. यातलं खरं काय? मी वेड्यासारखा आंघोळीच्या पातेल्यात हात घातला आणि दचकलो. पाणी विहिरीच्या पाण्यासारखं गार! ‘तापवलं न्हाई का?’ मी विचारलं. गणपतभाऊची बायको म्हणाली, ‘आवं, कडत व्हतं. आता गार पानी घालून कोमट केलंय.’ म्हणजे हौद ऊन आणि कोमट पाणी गार. एरवी हौदावरच्या हाताला कोमट पाणी चटके देतं. आज माझा हात सगळंच उलटं सांगत होता. मग त्याने पोरीचंही उलटंच सांगितलं असेल? ती गरम लागली म्हणजे गार असेल?

माझं चुकत असेल, तर मी मेलेल्या लेकराला अडवून धरत होतो आणि थोड्या वेळाने प्लेगची माणसं येऊन तिला उघडी करणार होती. त्यांचं चुकत असेल, तर आम्ही जिवंत पोरीला पुरणार होतो. हे दोन्ही विचार एकदम डोक्यात होते आणि कोणता खरा ते सांगायला माझ्याजवळ जे एक साधन होतं, तेच बिघडलेलं.

‘खाला असती तर,’ हुसेनभाई पुटपुटला, ‘एका हातात निकाल लागला असता.’

खालाचं नाव निघालं आणि मला वाटलं, इथे एकही खरा हात नाही. अमीनाचा दगडाने तापलेला, बाकी सगळ्यांचे शेकोटीने तापलेले आणि माझा कसला ते अल्ला जाणे. हात नकोच. मग मला जे सुचलं ते कागद्यालाच सुचेल. ओला कागद लावायची भिंत बरी की वाईट हे आम्ही हात लावून ठरवत नाही. दोन भिंतींना दोन ओले कागद चिकटवतो. जिच्या अंगात ऊब असते तिच्यावरचा कागद आधी सुटतो, म्हणजे वाळून आपोआप कड सोडतो. गार भिंतीवरचा चिकटूनच बसतो.

मी अमीनाच्या गठ्ठ्यातून न घोटलेला, पातळात पातळ कागद काढला. त्याचे दोन तुकडे केले. त्याच पातेल्यात भिजवले. झोपडीत सावलीत, एक अमीनाच्या घोटायच्या फळीवर चिकटवला आणि दुसरा हमीदाच्या छातीवर. कुणीतरी बाई म्हणाली, ‘ह्यो काय प्रकार?’ पण अमीनाला काय ते कळलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिनेही जन्मभर भिंतीवरचे कागदच सुटताना बघितले होते.

बसलो. बाहेर कब्रस्तानातला माणूस सांगायला आला की तयार आहे. हुसेनभाईने त्याला हातानेच थांबवलं. फळीवरचा कागद जसाच्या तसा, ओला, काळपट. छातीवरचाही तसाच. मी एकदा याच्याकडे बघायचो, एकदा त्याच्याकडे. मला वाटायला लागलं की मी बाप नाही, कसाई आहे. मग अमीनाने माझा दंड इतक्या जोरात धरला की तिची नखं रुतली. छातीवरच्या कागदाचा मधला भाग पांढरट झाला होता. जरा वेळाने वरचा कोपरा उचलला गेला. आणि मग तो सबंध कागद हलला. खाली गेला, वर आला... इतका थोडा, की नुसत्या छातीकडे बघून कुणालाच दिसला नसता.

‘सुटला,’ अमीना म्हणाली. आणि मग रडली, अशी की सगळा माळ गोळा झाला.

फळीवरचा कागद ओलाच होता.

आंघोळीचं पाणी पुन्हा तापवलं आणि त्याच पाण्याने आम्ही तिचे पाय शेकले. दुपारी प्लेगची माणसं आली, त्यांच्याबरोबर डॉक्टर होते. भला माणूस. त्यांनी थर्मामीटर लावलं, गाठी बघितल्या, नव्हत्या. म्हणाले, ताप एकदम उतरला की असं होतं, अंग गळून जातं, श्वास इतका हलका होतो की घरच्यांना कळत नाही. तिला तिथेच ठेवायची परवानगी दिली आणि दूध पाजा म्हणाले. इथपर्यंत सगळं ठीक आहे. इथपर्यंत भुताखेताचं काही नाही.

माझे हात त्या दिवशी दुपारी पूर्ववत झाले. म्हणजे सुया टोचल्या, मुंग्या आल्या, मग साधे झाले. पुढे डॉक्टर पुन्हा फेरीला आले तेव्हा मी त्यांना हौदाची हकिगत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी समजावलं की कातडीला ऊन आणि गार कळायच्या जागा वेगवेगळ्या असतात, अतिशय गारठ्याने कधीकधी त्यांचा गोंधळ उडतो आणि गार वस्तू गरम भासते. ‘आणि कोमट पाणी गार लागलं, ते?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘गोंधळच तो. एकदा उडाला की उडाला.’ ‘मग एवढ्या वर्षांत आधी कधी का नाही उडाला? आणि हात वर का येईनात?’ डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, ‘ते मला माहीत नाही.’ मला ते आवडलं. माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मी तो एकच पाहिला.

मी त्यांचं म्हणणं मान्य करूनही टाकलं असतं. पण त्यानंतर काही दिवसांनी हमीदा झोपडीपुढे उन्हात बसली होती. अंगात ताकद आली होती, दुधात भाकरी कुस्करून मी तिला भरवत होतो. ती माझ्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, ‘अब्बा, त्या दिशी तुमी हात का वढून घेतले?’

‘कवा गं?’

‘मी धरले व्हते तवा. मला लई गरम व्हत व्हतं. तुमचे हात लई छान गार व्हते. पान्यात व्हते ना, म्हनून.’ ती घास गिळून पुढे म्हणाली, ‘मी सोडत न्हवते, तुमी वढत व्हता. मग तुमी काढूनच घेतले. मग मला लई थंडी वाजली. लई.’

मी हातातला घास परत वाटीत ठेवला.

आता मलाच माझ्याशी वाद घालू द्या. तापात माणूस वाटेल ते बघतं. माझे हात काखेत धरायची तिला रोजची सवय, तेच तिला दिसलं असणार. बाप हौदावर बसतो, पाण्यात हात घालतो, हे तिला ठाऊकच होतं. आणि मी हात हिसकल्याचं? हुसेनभाईने नंतर माळावर कुणाला सांगितलं असेल, तिच्या कानावर पडलं असेल. हुसेनभाई म्हणायचा की त्याने कुणालाच सांगितलं नाही. पण हुसेनभाईच्या पोटात तसं काही राहत नसे, तेव्हा त्याचं काय धरायचं.

समजा, हे सगळं खरं आहे. तरी एक गोष्ट उरते, आणि ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती म्हणते तसं असेल, तर मग मी काय केलं? तिची आग माझ्या हातांवाटे त्या गार हौदात उतरत होती, आणि मी वेळेवर हात काढले म्हणून तिच्या अंगात थोडी ऊब शिल्लक राहिली? की मी घाबरून हात सोडवून घेतले म्हणून ती त्या थंडीत एकटी पडली आणि कबरीच्या काठापर्यंत जाऊन आली? मी वाचवलं, की मीच ढकललं होतं? डॉक्टर म्हणतात तसं असेल तर दोन्ही नाही, नुसता कातडीचा गोंधळ. मला तेच खरं हवं आहे. पण पोरगी ‘का वढून घेतले’ म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात तक्रार होती. रोज संध्याकाळी मी आधी हात ओढला की असायची, तीच.

मी तिला काय उत्तर दिलं? ‘चुकलं माजं,’ म्हणालो. ती लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली. पुढे मोठी झाल्यावर तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी दोनदा विचारून बघितलं. हसते.

हमीदा आता मंचरला असते, तिला सुना आल्या आहेत. तिच्या पाठीवर पुढे झालेला मुलगा आणि सून माझ्याजवळ असतात. हौद बुजवून बराच काळ झाला. चुन्याच्या पाण्यात जन्म गेल्यामुळे माझी बोटं आता जवळजवळ मेलेली आहेत. चहाचा कप कढत आहे की निवला ते ओठाला लागल्यावर कळतं. हाताला लागेल तेवढं खरं, हे म्हणणं मी त्या सालापासूनच सोडून दिलं आहे. त्याच्या जागी दुसरं काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. एवढी वर्षं शोधतो आहे. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा. अगदीच भुताखेताचं सांगू नका म्हणजे झालं.

एक सवय तेवढी जडली. कुणी माझा हात हातात घेतला, मग तो नातू असो, वाण्याच्या दुकानातला ओळखीचा असो की सांत्वनाला आलेला कुणी असो, तर मी आपला हात आधी काढून घेत नाही. समोरच्याने सोडेपर्यंत तसाच ठेवतो. लोकांना वाटतं म्हातारा फार चिकट आहे. हमीदा माहेरी आली की अजूनही दारातच माझे हात धरते, ‘अब्बा, किती गार वो!’ म्हणते, आणि बोलता बोलता विसरून धरूनच ठेवते. चुलीवर काहीतरी करपायला लागतं, सून आतून हाका मारते. मी उभा राहतो.